उरलेली पाच वाढपं

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मात्र उघडेच ठेवा, कारण थोडं बारीक अक्षर वाचायचं आहे.

समजा, तुमच्या हातात भडंगाची एक पुडी आहे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावेल एवढी, साठ ग्रॅमची. पुढच्या बाजूला मोठ्या मिशांचा एक माणूस हसतोय. त्याचं नाव तिखटराव. पुडी फोडली की लसणीचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. आता पुडी उलटी करा. तळाशी, जिथं घडी पडते तिथं छापलंय : ‘एक वाढप दहा ग्रॅम. या पुडीत सहा वाढपं.’

तर मग लहान वाटीत दहा ग्रॅम काढून घ्या. वाटी भरणार नाही, काळजी नको. खा. खाल्लं? आता थांबा. पुडीचं तोंड मुडपून ठेवा. उरलेलं उद्या, परवा, तेरवा आणि त्याच्याही पुढचे दोन दिवस पुरवून खायचं आहे.

हसताय ना? इंदीलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

इंदी म्हणजे इंद्रायणी शेळके, वय वर्षं अकरा. ही गोष्ट आणखी पंधरावीस वर्षांनंतरची आहे. तेव्हा ती सांगलीत राहत असेल, विश्रामबागेच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या दंडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असेल. डॉक्टरांच्या भाषेत तिला लांबलचक नाव आहे. घरात सगळे तिला ‘ठिगळ’ म्हणतात.

हे ठिगळ कशासाठी, ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपण भात खाल्ला, भाकरी खाल्ली, भडंग खाल्लं, तरी पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातून ती शरीरातल्या पेशींत शिरली तरच आपल्याला पळायला, हसायला, भांडायला ताकद मिळते. पण तिला पेशींचं दार उघडून द्यावं लागतं. ते काम इन्सुलिन नावाचा रस करतो. तुमच्या पोटात तो आपोआप तयार होतो, लागेल तेवढाच. इंदीच्या पोटात तो तयार होणं ती पाच वर्षांची असतानाच बंद पडलं. तिची काही चूक नव्हती. गोड जास्त खाल्लं म्हणूनही नव्हे. असं काही मुलांचं होतं. म्हणून ठिगळ तिला बाहेरून इन्सुलिन देतं.

आता अडचण बघा. बाहेरून दिलेलं इन्सुलिन लगेच काम करत नाही. खाली मोटार चालू केली तरी गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला वेळ लागतो की नाही? तसंच. म्हणून आपण किती खाणार आहोत हे ठिगळाला खाण्याआधीच कळावं लागतं. कमी दिलं तर साखर रक्तात तुंबते, तहान तहान होते, पाय जड पडतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर डोळे नि मूत्रपिंडं खराब होतात. जास्त दिलं तर साखर एकदम खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. पूर्वी आकडे लोक हातानेच भरायचे. चुका झाल्या, काही मुलं बेशुद्ध पडली. मग सरकारी आरोग्य योजनेने मुलांच्या ठिगळात हाताने आकडा भरणं बंदच करून टाकलं. घरच्या जेवणाचं ताट वजनकाट्यावर ठेवायचं, काटा ठिगळाला सांगतो. बाहेरचं पाकीट असेल तर ते ठिगळासमोर धरायचं. पाकिटावरच्या खुणेतून ठिगळ वाचतं, एका वाढपात साखर किती होणार, आणि तेवढं इन्सुलिन सोडतं.

एक पाकीट, एक वाढप. तेच पाकीट लगेच पुन्हा धरलं तर ठिगळ नकार देतं, कारण चुकून दुप्पट इन्सुलिन जायला नको. मग पाकिटातली बाकीची वाढपं? ती दुसऱ्यांनी कुणीतरी खाल्ली, असं ठिगळ धरून चालतं.

आता त्या मिशीवाल्या तिखटरावाकडे वळू. भडंगाचा तो कारखाना कुपवाडच्या एमआयडीसीत होता आणि पुडीच्या मागे काय छापायचं हे ठरवणारा माणूस इंदीच्याच घरात राहत होता. तिचे पप्पा, धैर्यशील शेळके. अन्नशास्त्र शिकलेला, कामाला चोख माणूस. एका वाढपात तेलमीठ फार असलं तर पाकिटावर लाल पान छापायचं आणि मर्यादेत असलं तर हिरवं, असा नियम आला होता. लाल पानाचा माल शाळांच्या कॅन्टीनमध्ये चालत नव्हता. साठ ग्रॅमचं वाढप धरलं तर तिखटराव लाल. तीस धरलं तरी लाल. पण वाढप केवढं, हे ठरवायचं कायद्याने कंपनीवरच सोडलं होतं. पप्पांनी दहा लिहिलं. भडंगाचा एक दाणाही बदलला नाही आणि पान हिरवं झालं.

त्या दिवशी ते पेढे घेऊन घरी आले होते. इंदीने तर वर्गात सांगितलं, “हिरवं पान माझ्या पप्पांनी आणलंय!”

इंदी खो-खो खेळायची. पळतीत ती अशी वळायची की पाठीमागची पोरगी सरळ पुढे निघून जायची. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव जवळजवळ नक्की होतं. सराव संपला की मैदानाच्या कडेला पोरींचं भडंग व्हायचं. प्रत्येकीची आपापली पुडी. पुडी आडवी फाडायची, त्यातच कांदा, कोथिंबीर टाकायची, वरून लिंबू पिळायचं, नि बोटांनी कालवून खायचं. इंदी आधी पुडी ठिगळासमोर धरायची, बारीक ‘टुक’ असा आवाज ऐकायची आणि मगच कांदा घालायची. कधीच चुकली नाही.

आणि तुम्हाला ठाऊकच आहे, भडंगात एकदा कांदा पडला की ते ठेवता येत नाही. दहा मिनिटांत सादळतं. ते सगळं तिथंच संपवायचं असतं.

महिना संपला आणि ठिगळाचा अहवाल पप्पांच्या फोनवर आला. सराव असलेल्या प्रत्येक संध्याकाळी साखर वर गेलेली. पुढे लाल अक्षरांत शेरा : ‘न सांगता खाणे.’

पप्पांनी इंदीला समोर बसवलं. “काय खाल्लंस?”

“भडंग.”

“आणि?”

“आणि काय नाही.”

“इंदे, यंत्र खोटं बोलत नाही.”

“मी पण नाही बोलत!”

“भडंगानं एवढी साखर चढत नाही. मला शिकवतीस होय? मी लिहिलंय ते.”

“पप्पा, शप्पथ घेऊन सांगते…”

“शपथा नकोत. चोरून खाणं ही वाईट खोड आहे. तुझं हे असं, तुला एवढं तरी कळायला पाहिजे.”

त्या संध्याकाळी पप्पांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. मम्मी म्हणाली, “अहो, पोरगी उपाशी आहे का चोर आहे?” पण किल्ली पप्पांच्याच खिशात राहिली. इंदी सरावाला जात राहिली, पुडी ठिगळाला दाखवत राहिली. पुढच्या महिन्याचा अहवालही लालच आला. तिचे पाय जड पडायला लागले. तहानेने ती दोन बाटल्या पाणी प्यायची आणि तरी घसा कोरडा. पळतीत तिला मागून पहिल्यांदाच कुणीतरी गाठलं. अहवालाच्या खाली एक नवा शेरा होता : तिसऱ्यांदा असं झालं तर स्पर्धेत उतरता येणार नाही.

मम्मी हट्टाने दोघांना डॉक्टर नसीम मुल्लांकडे घेऊन गेली. मुल्ला मॅडम मुलांच्या मधुमेहाच्या डॉक्टर. त्यांनी अहवाल बाजूला सारला आणि इंदीकडे खुर्ची ओढली.

“मला सांग, काय खातीस? मी ओरडत नसते.”

“भडंग.”

“किती?”

“एक पुडी.”

“अख्खी?”

इंदीला प्रश्नच कळला नाही. “पुडी अख्खीच असते की.”

मॅडमनी तिच्या दप्तरातली पुडी काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाची घडी उलगडून वाचली. मग त्या हसायला लागल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं.

“धैर्यशीलराव, पोरगी खरं बोलतेय. हिच्या ठिगळानं दहा ग्रॅमचं इन्सुलिन सोडलं, हिनं साठ ग्रॅम खाल्लं. हिनं सहा पुड्या फोडून प्रत्येकीतलं चिमूटभर खाल्लं असतं ना, तर यंत्र खूश झालं असतं! कोण हो हा शहाणा, दहा ग्रॅम भडंग खाऊन थांबणारा? आमच्या खिडकीतली चिमणीसुद्धा थांबायची नाही. कोण ठरवतं हे?”

इंदीचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला खरं मानलं होतं, आणि उत्तरही तिला येत होतं.

“पप्पाच ठरवतात!” ती म्हणाली.

पप्पा आपल्या बुटांकडे बघत होते.

मॅडमनी पुडी टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मग तर सोपंच आहे. योजनेची सुनावणी असते. तिथं एवढंच सांगा, की छापलेलं वाढप खरं नाही, मुलं अख्खी पुडी खातात. हिचे शेरे पुसले जातील. आणि अशी मुलं ही एकटीच नाही, धैर्यशीलराव. माझ्याकडेच आणखी कितीतरी आहेत.”

घरी आल्यावर पप्पांनी कपाटाचं कुलूप काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. इंदी वाट बघत होती, की ते एकदा तरी म्हणतील, ‘चुकलं माझं.’ त्यांनी पाणी प्यायलं आणि टीव्ही लावला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून मम्मीचा आवाज आला. “सांगून टाका की सरळ. त्यात काय एवढं?”

“एवढं? अगं, मीच वाढप खोटं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी लाल पान. शाळाशाळांतनं माल परत येईल. भोकरे साहेब मला कारखान्याच्या दारात उभं करतील काय?”

“आणि पोरगी?”

“पोरीला सांगू, दहा ग्रॅम खा म्हणून. काय बिघडतंय? सवय होईल.”

“सगळ्या पोरी पुडी पुडी खाणार आणि ही दहा ग्रॅम?”

“हिचं वेगळं आहे ना पण!”

भिंतीपलीकडे इंदी सगळं ऐकत होती. मुलांनो, भूक मारणं अवघड असतं. पण ज्याच्यासाठी आपण वर्गात छाती फुगवून बोललो, त्याचं असं बोलणं ऐकणं फार अवघड असतं.

सुनावणी पडद्यावर झाली. पलीकडे योजनेच्या एक बाई होत्या, बोलायला मऊ. इंदी पप्पांच्या खुर्चीला टेकून उभी होती.

“शेळके साहेब, तुम्ही पालकही आहात आणि हा माल तुमच्याच कारखान्यातला आहे. पुडीवर छापलेलं वाढप बरोबर आहे ना?”

“कायद्याप्रमाणे बरोबर आहे.”

“म्हणजे मुलीनं जास्त खाल्लं, असं मी धरू?”

पप्पांचा हात टेबलावरच्या पेनाशी खेळत होता. इंदी त्या हाताकडे बघत होती. लहानपणी तिला पहिलं इन्सुलिन याच हाताने टोचलं होतं.

“लहान आहे,” पप्पा म्हणाले. “हात आवरत नाही तिला.”

“समजू शकते,” बाई म्हणाल्या. पडदा बंद झाला.

नीट बघा, पप्पा यात एकही शब्द खोटा बोलले नव्हते. लेबल कायद्याप्रमाणे होतं. इंदी लहान होती. आणि भडंगावरून हात कुणाचाच आवरत नाही.

तिसरा शेरा पडला. खो-खोच्या खाडे मॅडम म्हणाल्या, “यंदा बस, बाळ. पुढच्या वर्षी बघू.” तिच्या जागी सानिका गेली. मैदानावर आता इंदी दिसली की कुणीतरी ओरडायचं, “पुड्या लपवा गं, हावरी आली!” आणि सगळ्या हसायच्या. सानिकाही. इंदीने मैदानावर जाणं सोडलं.

मग तो रविवार आला. पप्पांचे मालक, भोकरे साहेब, बायकोला घेऊन घरी आले. तिखटराव आता राज्यातल्या सगळ्या शाळांच्या कॅन्टीनमध्ये जाणार होता आणि पप्पा अख्ख्या कारखान्याचे प्रमुख होणार होते. साहेबांनी सोफ्यावर ऐसपैस बसत पप्पांच्या पाठीवर थाप मारली.

“वहिनी, तुमच्या नवऱ्याचं डोकं म्हणजे डोकं! दुसऱ्या कंपन्यांनी वीस ग्रॅम ठेवलं, लाल पान लागलं, बसलेत बोंबलत. आणि आमचा हा गडी, दहा! चला, आता आपलंच भडंग होऊ द्या. पोहे-बिहे नकोत.”

मम्मीने परातीत चार पुड्या रिकाम्या केल्या, बारीक चिरलेला कांदा घातला, लिंबू पिळलं. इंदी ओट्याजवळ उभी होती.

“मी वाढते,” ती म्हणाली.

मम्मीने तिच्याकडे पाहिलं आणि परात तिच्या हातात दिली.

इंदीने टीपॉयवर आधी काटा ठेवला. रोज तिचं ताट ज्यावर बसायचं तोच, फक्त ठिगळाशी जोडणी बंद करून. त्यावर एक डिश ठेवली, परातीतून चिमटीने भडंग घातलं, आकडा दहावर आला तशी थांबली. डिश साहेबांपुढे केली. मग काकूंना. मग पप्पांना, मम्मीला, शेवटी स्वतःला. सगळ्यांना अगदी सारखं.

“हे काय गं, चवीपुरतं?” साहेब हसले. दोन घासांत डिश मोकळी झाली. बोटाने कडेचा मसाला पुसून तोही त्यांनी चाटला. मग ते थांबले. आपल्या घरांत पाहुणा ताट पुढे करत नाही. यजमान आग्रह करतो, पाहुणा ‘नको नको’ म्हणतो आणि मग घेतो. साहेब त्या आग्रहाची वाट बघत होते. काकूही. परात तर काठोकाठ भरलेली समोर दिसत होती.

इंदी आग्रह करेना.

“इंदे,” पप्पा म्हणाले, “साहेबांना वाढ की.”

“त्यांचं झालं, पप्पा.”

“काय झालं?”

“वाढप. एकच असतं ते.”

मग साहेब मोठ्याने हसले. “अगं वेडे, ते पुडीवरचं! खायला बसल्यावर कोण मोजतंय?”

“हे,” इंदी म्हणाली आणि तिने बाही वर करून दंडावरचं ठिगळ दाखवलं. “हे मोजतंय.”

काकूंनी रिकामी डिश हळूच खाली ठेवली. पप्पांचे कान लाल झाले होते.

“इंदे, आत जा.”

“जाते. पण आधी एक सांगा. एका पुडीतलं एक वाढप माझं. उरलेली पाच दुसरी माणसं खातात, असं ठिगळ म्हणतं. तुम्ही पण त्या बाईंना पुडीवरचं बरोबर म्हणून सांगितलं. ती दुसरी माणसं कोण, पप्पा? नावं सांगा. मी त्यांना नेऊन देते.”

मम्मी पप्पांकडे बघत होती, साहेब घड्याळाकडे. परातीतल्या कांद्याला पाणी सुटायला लागलं होतं.

इंदीने जरा वाट बघितली. मग तिने दारात जाऊन चपला घातल्या, परत येऊन परात उचलली, कडेवर घेतली आणि जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेली. तिथली बेल वाजवली. दार उघडल्यावर तिने परात पुढे धरून विचारलं,

“काकू, आमच्या पुडीतली उरलेली पाच वाढपं खाणारे ते तुम्हीच काय?”